उर्सात कव्वाल हवा की डीजे?

उर्स जवळ आला की दर्ग्याच्या कमिटीची बैठक बसते. वर्गणी किती जमली, लंगरला तांदूळ किती लागेल, मंडपवाल्याला आगाऊ काय द्यायचे, हे सगळे तासाभरात उरकते. मग एखादा तरुण म्हणतो, "चाचा, संदलला या वर्षी डीजे पाहिजे. बाजूच्या गावात होता." एक बुजुर्ग म्हणतात, पूर्वी बोलवायचो तशी कव्वाल पार्टी बोलवा. तिसऱ्याचे म्हणणे, दोन्ही नको. नातखानी आणि बयान ठेवा, तेवढे पुरे. इथे मात्र बैठक लांबते. मंगरूळपीर, कारंजा, रिसोड, मालेगाव, मानोरा किंवा खुद्द वाशीम, आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. आम्हाला तो फार महत्त्वाचा वाटतो. गावातली माणसे पुढचे वर्षभर एकमेकांशी कशी वागतील, याचा थोडासा निकाल या बैठकीत लागत असतो. म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच दिले आहे.

विषयाला हात घालण्याआधी एक गोष्ट सरळ बोलून टाकू. संगीताबद्दल आपल्या घराघरांत एकमत नाही. चिश्ती सिलसिल्याची वहिवाट असलेल्या घरात समाची मैफल इबादतीच्या जवळची मानली जाते. शेजारच्याच घरात वाद्याचा आवाज चालत नाही, फक्त हम्द आणि नात चालते. दोन्ही बाजूंना मोठे उलमा आहेत. याचा निवाडा करणे हे आमचे काम नाही. तुमच्या मस्जिदीच्या इमाम साहेबांना विचारा. पण हदीसच्या ग्रंथांतले दोन प्रसंग दोन्ही घरांनी ऐकलेले असतात. ईदच्या दिवशी ह. आयेशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली डफ वाजवून गात होत्या. ह. अबूबक्र (रजि.) आले आणि रागावले. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना थांबवले, ईदचा दिवस आहे, गाऊ द्या, असे समजावले. दुसरा प्रसंग त्यापेक्षा कमी सांगितला जातो. प्रेषित (स.) मस्जिदीत एतिकाफला बसले असताना लोक मोठमोठ्याने कुरआन पठण करत होते. त्यांनी पडदा बाजूला केला आणि सांगितले, की प्रत्येक जण आपल्या रबशी बोलतो आहे, तेव्हा एकमेकांना त्रास देऊ नका, एकाचा आवाज दुसऱ्यावर चढवू नका. पठण कुरआनचे आणि जागा मस्जिदीची, तरी शेजारी बसलेल्याच्या कानाची एवढी काळजी.

इमाम ग़ज़ाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात समावर मोठे प्रकरण लिहिले आहे. ह. जुनैद बगदादी यांच्या हवाल्याने ते त्यात सांगतात, की समाला तीन गोष्टी लागतात: वेळ, जागा आणि सोबती. नमाजची वेळ असेल, जेवण समोर आलेले असेल, भांडण चालू असेल तर ती वेळ बरोबर नाही. वर्दळीचा रस्ता असेल तर ती जागा बरोबर नाही. आणि ज्याचे मन त्यात नाही असा माणूस बसलेला असेल तर सोबत बरोबर नाही. नऊशे वर्षांहून जुने लिखाण आहे हे. आता रात्री अकरा वाजता, बाजाराच्या मुख्य रस्त्यावर, ज्यांनी मागितला नाही अशा शेकडो घरांच्या खिडक्या थरथरवत चाललेला डीजे डोळ्यांसमोर आणा. वेळ चुकली, जागा चुकली, सोबतीही चुकले. समा जायज मानणाऱ्यांच्या कसोटीवरच हा प्रकार नापास होतो. नाजायज मानणाऱ्यांकडे तर जायलाच नको.

वाशीम जिल्हा तसा लहान. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम बारा लाख. २०१८ मध्ये केंद्राने 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादीत त्याचे नाव घातले, म्हणजे साध्या भाषेत मागास ठरवले. पण कानाने ऐकला तर हा जिल्हा बराच मोठा आहे. मंगरूळच्या नावातला 'पीर' हा हज़रत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे जोडला गेला, आणि त्याच गावात बिरबलनाथ महाराजांची यात्रा भरते. कारंजा हे दत्त संप्रदायातल्या नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव, शिवाय जैनांचे जुने विद्याकेंद्र. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या सुमारास बंजारा समाज देशभरातून येतो, आणि तिथे ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते जे संग्रहालय सुरू झाले, त्याचे नावच मुळी नंगारा. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी आषाढीला जाताना मालेगाव, शिरपूर, रिसोड या वाटेने पुढे सरकते. टाळ-मृदंग, भगव्या पताका, शिस्तीची रांग. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत तुकडोजी महाराजांची खंजिरी अजून वाजते. बुद्धविहारांतून भीमगीते येतात. या सगळ्यात आपली कव्वाली, आपली नातखानी, मोहरमच्या सवारीपुढचा ताशा.

तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा दोघेही शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. गाडगेबाबांच्या कीर्तनात वाद्ये जवळजवळ नसायचीच. हातात काठी, आणि लोकांना प्रश्नावर प्रश्न. समोरच्या माणसाने उत्तर दिल्याशिवाय कीर्तन पुढे जायचे नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या वाद्यांची नावे घेतानाच एक गंमत दिसते. बंजाऱ्यांचा नंगारा म्हणजे अरबीतला नक्कारा. देवळापुढची सनई ती शहनाई. डफ तर जसाच्या तसा. मराठीतला 'शाहीर' हा अरबी 'शायर', 'मैफल' ही 'महफिल', 'जलसा' आणि 'तमाशा'ही तिकडूनच आलेले. पेशवाईच्या शेवटच्या काळात पुण्यात फड गाजवणारे सगनभाऊ जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे यांच्या खांद्याला खांदा लावून गाणारे शाहीर अमर शेख हे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. मराठी गझल घराघरांत नेणारे सुरेश भट अमरावतीचे, आणि ती गझल पुढे नेणाऱ्यांत सांगली जिल्ह्यातले इलाही जमादार. कोणी कोणाकडून घेतले याचा हिशेब मांडायला हे सांगत नाही. एकमेकांचे ऐकल्याशिवाय अशी देवघेव होत नाही, एवढेच. कोणीतरी कोणाच्या तरी मांडवात जाऊन बसले असणार.

कव्वालीचेच उदाहरण घ्या. कव्वाली म्हटले की दर्गा आठवतो, पण महाराष्ट्रात तिचा एक दुसरा संसारही झाला. १९५८ च्या 'अल हिलाल' चित्रपटातल्या कव्वालीने देशभर पोचलेल्या इस्माईल आझाद यांच्या पार्टीत एक कोरस गाणारा मुलगा होता, त्याचे नाव प्रल्हाद शिंदे. पुढे विठ्ठलाच्या आणि भीमाच्या गाण्यांनी त्यांनी महाराष्ट्र वेडा केला. शाहीर विठ्ठल उमप कव्वालीचे सामने गायचे. नागपूरचे नागोराव पाटणकर आंबेडकरी कव्वाल म्हणूनच ओळखले गेले. म्हणजे पेटी, ढोलक आणि टाळी तीच, बैठक तीच, फक्त कलाम बदलला. आपल्या भागातल्या भीमजयंतीच्या कव्वाली मुकाबल्याला मोहल्ल्यातली माणसे जायची आणि उर्सातल्या कव्वालीला बौद्ध वस्तीतली माणसे पुढे येऊन बसायची, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना सांगायला नको.

आता डीजेच्या आणि कव्वालाच्या रात्रीत नेमका फरक काय? नुसता आवाजाचा म्हणाल तर तोही आहे. कायद्याने निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातले फार तर पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. दवाखाना, शाळा आणि न्यायालयाच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र. २००० सालचे हे नियम आहेत. तज्ज्ञ सांगतात, ८५ डेसिबल आवाज आठ तास ऐकला तर कानाची मर्यादा संपते आणि १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांतच संपते. डीजेच्या भिंतीपुढे नाचणारे पोर किती पंधरा मिनिटे तिथे असते, ते आईने मोजावे.

पण खरा फरक वेगळा आहे. कव्वाल गाताना समोरच्यांकडे बघत असतो. एका ओळीवर कोणाची मान डोलली, कोणाचे डोळे भरले, की तो तीच ओळ पुन्हा घेतो, पुन्हा घेतो, तिला दुसऱ्या शायराचा मिसरा जोडून गिरह लावतो, आणि त्या माणसाचे समाधान झाल्यावरच पुढे सरकतो. समोर कोणी नसेल तर कव्वाली होऊच शकत नाही. गाडगेबाबांचे कीर्तनही असेच, उत्तर देणारा लागतो. मुशायऱ्यात दाद लागते, भजनात ध्रुपद उचलणारे लागतात. डीजेला कोणीच लागत नाही. समोरचे सगळे निघून गेले तरी त्याला पत्ता लागणार नाही.

शिवाय कव्वाल पार्टी यायची म्हटले की किती जणांना कामाला लागावे लागते! सहा-आठ माणसांची उतरायची सोय, त्यांचे जेवण, सतरंज्या, चहा, नजराण्याची व्यवस्था, पाऊस आला तर आडोसा. सतरंज्या बहुधा भजनी मंडळाकडून किंवा शाळेतून येतात. लाइटवाला वेगळ्या समाजाचा असतो, दूधवाला वेगळ्या. पोलिस ठाण्यात परवानगीला जाताना कोणीतरी वजनदार माणूस सोबत लागतो आणि तो बरेचदा मोहल्ल्याबाहेरचा असतो. कंदुरी करायला गावातली हिंदू घरेही येतात, मलिदा वाटला जातो. हे सगळे मागणे-देणे उर्साच्या आधी पंधरा दिवस चालते आणि नंतरही आठवडाभर सतरंज्या परत करताना चालते. डीजेला एक फोन केला की ट्रक येतो आणि पहाटे निघून जातो. गावात कोणाचे कोणाशी बोलणे होत नाही. आमच्या मते समाज घट्ट होतो तो या मागण्या-देण्याने. गाणे हे त्याचे निमित्त असते, मोठे गोड निमित्त, पण निमित्तच.

हा आमचा एकट्याचा तर्क नाही. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या प्रौढांच्या काही वर्गांचा सात महिने अभ्यास केला. काही वर्गांत लोक एकत्र गाणे शिकत होते, काहींत हस्तकला किंवा लेखन. गाणाऱ्यांची एकमेकांशी जवळीक फार लवकर झाली. पण सात महिने संपले तेव्हा हस्तकलावालेही तितकेच जवळ आलेले होते. गाणे बर्फ लवकर फोडते. नाते टिकवायला मात्र पुन्हा पुन्हा भेटावे लागते.

इथे कोणी आम्हाला मिरजेची आठवण करून देईल, आणि द्यायलाच हवी. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याला संगीताच्या जगात फार मोठे स्थान आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ तिथे गायचे. १९३७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला, आणि त्यांची मजारही त्याच आवारात आहे. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात दरवर्षी उर्साला संगीत सभा होते आणि त्यात सर्व धर्मांचे कलावंत हजेरी लावतात. त्याच गावात शिकलगार घराण्यांनी सतार आणि तंबोरा बनवण्याची कला पिढ्यानपिढ्या जपली; २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. इतके सगळे असून सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून मिरजेत दंगल झालीच. मग संगीताने काय साधले?

प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला आशुतोष वार्ष्णेय यांचे २००२ साली आलेले हिंदू-मुस्लिम संबंधांवरचे पुस्तक उपयोगी पडले. त्यांनी दंगली होणारी आणि न होणारी शहरे जोडीने तपासली. अलीगढच्या जोडीला कालिकत, हैदराबादच्या जोडीला लखनौ, अहमदाबादच्या जोडीला सुरत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ईदला शीरखुर्मा आणि दिवाळीला फराळ हे चांगलेच आहे, खेड्यात तेवढे पुरतेही, पण गाव वाढून शहर झाले की ते पुरत नाही. शहरात दोन्ही समाजांची माणसे ज्यात एकत्र काम करतात अशा संस्था लागतात: व्यापारी मंडळे, कामगार संघटना, वाचनालये, क्लब. अफवा उठली की एकमेकांना फोन करणारी माणसे तिथे आधीच तयार असतात. मिरजेची संगीत सभा वर्षातून एकदा भरते. ती ऐकायला येणारे रसिक आणि कमानीखाली जमलेली पोरे यांची वर्षभर गाठ पडत नसेल, तर सभा कितीही सुरेल असून काय उपयोग?

याच्या उलटचा दाखला भिवंडीचा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेले गाव. १९८८ नंतर तिथले पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीत दोन्ही समाजांची साधी माणसे, आणि नियमित बैठक. नळाचे पाणी, रस्त्यावरचा कचरा, नवरा-बायकोची भांडणे, असे रोजचे विषय. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना हाकेच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली. तिथे कव्वालीचा संबंध नव्हता. संबंध होता नियमित भेटण्याचा.

आपल्या उर्स कमिट्या, ईदे मिलाद कमिट्या, गणेश मंडळे, जयंती समित्या यांच्याकडे या नजरेने पाहिले तर वेगळेच काहीतरी दिसते. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात आयत्याच तयार असलेल्या या समित्या आहेत. पण प्रत्येक समिती आपल्या आपल्या समाजाची. शांतता समितीच्या बैठकीत ठाणेदारापुढे एकत्र बसतात, तेही सणाच्या तोंडावर, आणि बहुतेक बोलणे मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ यावर. वाद्यावरून तंटा ही विदर्भात नवी गोष्ट नाही. १९२३ मध्ये नागपुरात मस्जिदीपुढून वाजतगाजत जाणाऱ्या मिरवणुकांवरून जे पेटले, त्याचे परिणाम देश अजून भोगतो आहे. शेजारच्या अकोल्यात मे २०२३ मध्ये समाजमाध्यमातल्या एका पोस्टवरून दंगल होऊन एक जीव गेला. मार्च २०२५ मध्ये नागपूरही पेटले. वाशीमपासून ही गावे लांब नाहीत. सोयरिकी आहेत तिथे आपल्या.

चांगलेही आठवले पाहिजे. २०२३ मध्ये ईदे मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजाने स्वतःहून जुलूस पुढे ढकलला आणि शासनाने २९ तारखेलाही सुट्टी जाहीर केली. २०२४ आणि २०२५ मध्येही सण असेच लागून आले आणि मुंबईत जुलूस पुन्हा नंतरच्या दिवशी निघाला. कोणी हरले नाही, कोणाचा सण छोटा झाला नाही. या समजूतदारपणाची बातमी एका दिवसाची झाली; डीजेची चित्रफीत मात्र आठवडाभर फिरते.

मस्जिदीच्या भोंग्यांवरून २०२२ मध्ये जो वाद उठवला गेला तो आपण सर्वांनी सोसला. पाच वेळची दोन-तीन मिनिटांची अज़ान कानाला टोचते असे म्हणणाऱ्यांना उत्तर देताना आपल्याच संदलमध्ये पाच तासांचा डीजे असेल, तर आपल्या बोलण्याला वजन कसे राहणार? काही तरुण यावर म्हणतात, "त्यांच्या मिरवणुकीत चालतो, मग आमच्यात का नाही?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्याच्यामागे दुखावलेला मान आहे. वर्षभर ज्याला कोणी विचारत नाही, त्याला त्या एका रात्री रस्ता आपला वाटतो. पण तो मान स्टेजवरून माइक हातात घेऊन नात म्हणण्याने, मुशायऱ्याचे निवेदन करण्याने, दोनशे माणसांचा लंगर नीट पार पाडण्यानेही मिळतो. ती संधी आपण बुजुर्ग मंडळी त्याला देतो का? कमिटीत पंचविशीच्या आतले किती जण आहेत, हे पुढच्या बैठकीत एकदा मोजून बघावे.

डीजेने आणखी एक नुकसान केले, त्याची चर्चा फार होत नाही. आपल्या भागात बँडपार्टी, ताशापार्टी, बेंजोपार्टी ही अनेक मुस्लिम आणि दलित कुटुंबांची रोजीरोटी होती. एका वरातीमागे दहा-पंधरा घरांत चूल पेटायची. सनईवाला, ढोलवाला, डोक्यावर गॅसबत्ती धरणाऱ्या बाया. आता दोन माणसे आणि एक ट्रक. शेतमजुरी आणि लग्नसराई असे जोडून जगणारी ती घरे आज पुण्या-मुंबईच्या वाटेला लागली आहेत.

आणि बायका? उर्सातली कव्वाली असो की रस्त्यावरचा डीजे, आमच्या भगिनींना दोन्हीकडे बाजूलाच उभे राहावे लागते. खरे तर घरातल्या जिवंत गाण्याची मालकी त्यांचीच होती. सूफ़ी बुजुर्गांनी दखनी भाषेत 'चक्कीनामे' रचले, ते जात्यावर दळताना बायकांनी म्हणावेत म्हणून. शेजारच्या घरात त्याच जात्यावर मराठी ओवी चालायची. लग्नाआधी आठ दिवस ढोलक घेऊन बसणाऱ्या खाला आणि फूफी, त्यांची समधिणीला चिमटे काढणारी गाणी, त्यात मिसळलेले वऱ्हाडी शब्द, हे सगळे एका पिढीत मोबाइलच्या स्पीकरने संपवत आणले आहे. ज्या घरांत ढोलक चालत नाही तिथेही मिलादच्या महिन्यात बायकांची नातखानी व्हायची, अजूनही होते. त्या बैठकीला शेजारच्या काकू येऊन बसायच्या, मुलाला मांडीवर घेऊन. रस्त्यावर कितीही तणाव असला तरी अशा दोन बायकांचे बोलणे बंद होत नाही, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

तेव्हा येत्या उर्साच्या किंवा मिलादच्या बैठकीत बसणाऱ्या वाचकांपुढे आम्ही आमची सूचना ठेवतो. डीजेचे जे भाडे ठरले असेल, तेवढीच रक्कम बाजूला काढा. तिच्यातून जिल्ह्यातलीच एखादी कव्वाल पार्टी किंवा, तुमच्याकडे वाद्य चालत नसेल तर, नातखाँ आणि शायर बोलवा. उर्दूबरोबर मराठी हम्द, नात आणि गझल ठेवा. घरात आपण दखनी बोलतो आणि बाजारात वऱ्हाडी, तर मंचावर दोन्ही का नसावे? इशानंतर सुरू करून दहाच्या आत संपवा. दर्ग्याचे आवार, शादीखाना किंवा शाळेचे पटांगण घ्या, रस्ता घेऊ नका. बायकांना बसायला समोरची अर्धी जागा द्या, मागची नको. सतरंज्या मुद्दाम भजनी मंडळाकडून मागा आणि त्या परत करताना त्यांच्या सप्ताहाला आपल्याकडून काय लागेल ते विचारून या. कमिटीत मोहल्ल्याबाहेरचे दोघे-तिघे घ्या, आणि उर्स झाल्यावर ती कमिटी विसर्जित करू नका. दर दोन महिन्यांनी बसा. विषय पाण्याचा काढा, सोयाबीनच्या भावाचा काढा, बारावीच्या पोरांचा काढा.

काही ठिकाणी हे एका वर्षात जमणार नाही. तरुण रुसतील, एखाद्या वर्षी गर्दी कमी होईल, बाजूच्या गावाची मिरवणूक मोठी झाली म्हणून टोमणेही बसतील. तरी तीन वर्षे सलग करून पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

एक काम मात्र आजच करता येईल. आपल्या सहा तालुक्यांत पूर्वी कोणकोणत्या कव्वाल पार्ट्या होत्या, कोणत्या गावच्या बँडला मागणी असायची, लग्नातली ढोलकची गाणी आजही कोणाच्या आजीला पाठ आहेत, याची माहिती वाचकांनी आम्हाला लिहून पाठवावी. गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. आजीची परवानगी आधी घ्या, आणि तिने नाव छापू नका म्हटले तर ते लिहूच नका. गावाचे नाव, साधारण साल आणि कोणत्या प्रसंगी गायचे, एवढे कळवले तरी चालेल. जमलेली माहिती तालुक्यानुसार लावून याच सदरात छापू. सुरुवात मंगरूळपीरपासून करायचा विचार आहे.